निषेधाची कथा आणि कथेचा हेतू

लैंगिक निषेधांपासून सर्वस्वी मुक्त असा समाज मानवशास्त्राला आढळलेला नाही. मात्र निषिद्ध काय, याविषयी समाजांमध्ये एकवाक्यता नाही. मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी विवाह हा दक्षिणेकडील आचार असल्याची नोंद बौधायन धर्मसूत्रात आहे. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामेबहिणीशी विवाह इष्ट मानला गेला. उत्तर भारतातील बहुतेक हिंदू जातींत मात्र तोच संबंध भावाबहिणीचा, म्हणून अगम्य ठरतो. ही प्रादेशिक भिन्नता इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडली.

या भिन्नतेमुळे निषेधाच्या उगमाविषयीच्या उपपत्तींची कसोटी लागते. बालपणीच्या सहवासातून नैसर्गिक अनिच्छा निर्माण होते, असे वेस्टरमार्क यांनी १८९१ मध्ये प्रतिपादिले. जे कुणाला नकोच आहे त्यावर बंदी कशाला, या आक्षेपाला बळ देत फ्रॉइड यांनी १९१३ मध्ये निषेधाच्या मुळाशी दडपलेली इच्छाच असल्याचे म्हटले. लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९४९ मध्ये प्रश्नाची दिशाच पालटली : घरातील स्त्री निषिद्ध ठरते ती दुसऱ्या कुळास देता यावी म्हणून, निषेध ही देवाणघेवाणीची दुसरी बाजू होय. मामेबहीण एका प्रदेशात वधू आणि दुसऱ्या प्रदेशात बहीण का ठरते, याचा काहीसा उलगडा या उपपत्तीने होतो. परंतु स्त्री ही देण्याची वस्तू कशी झाली, हा प्रश्न तीत गृहीतातच राहतो.

हा प्रश्न महाभारताच्या आदिपर्वातील श्वेतकेतूच्या कथेत अधिक धारदार होतो. पित्यासमक्ष एक ब्राह्मण आईचा हात धरून तिला नेऊ लागतो. श्वेतकेतू संतापतो, हा सनातन धर्मच आहे, असे सांगून उद्दालक त्याला शांत करू पाहतो. श्वेतकेतू ते न मानता स्त्रीपुरुषांना मर्यादा घालून देतो. येथे निषेध ईश्वरदत्त नाही. तो कोणा एकाने, एका प्रसंगी घातलेला आहे, याची आठवण परंपरेनेच जपली आहे.

तथापि ही कथा कोण, कोणास आणि कशासाठी सांगतो, हे पाहिल्याविना तिचा अर्थ पूर्ण होत नाही. सांगणारा पांडू आहे, ऐकणारी कुंती. आणि परपुरुषापासून पुत्र मिळविण्यास तिने राजी व्हावे, हा हेतू आहे. पतीने अपत्यासाठी नियुक्त केले असता नकार देणाऱ्या पत्नीलाही व्यभिचाराइतकेच पातक लागते, असे कलम याच मर्यादेत आहे. म्हणजे निषेधाच्या उगमाची कथा निषेधाला अपवाद मिळविण्यासाठी वापरली जाते, आणि निषेध व अपवाद या दोहोंचा अधिकार पतीपाशीच राहतो. कुंतीने त्यापूर्वी व्युषिताश्व आणि भद्रेची कथा सांगूनच नकार दिला होता. तिची कथा पुरी पडली नाही, ही बाब सूचक आहे.

अशा कथांच्या आधारे विवाहसंस्थेचा इतिहास लिहू पाहणाऱ्या वि. का. राजवाडे यांना विरोध सोसावा लागला. १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ चालविणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला, डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडूनही त्यांना दंड झाला. निषेध कृतीपुरता थांबत नाही, तो तिच्याविषयीच्या भाषेवरही पसरतो, हेच यातून दिसते.

मग अशा संशोधनाचे प्रयोजन काय? निषेधाचा उगम मानवी आहे, एवढ्यावरून तो त्याज्य ठरत नाही. घरातील बालकास घरातल्याच प्रौढापासून जपणारा निषेध, त्याची उत्पत्ती काहीही असो, न्याय्यच आहे. जातीबाहेरच्या प्रेमास पाप ठरविणारा निषेध कितीही प्राचीन असला तरी न्याय्य ठरत नाही. उत्पत्ती आणि समर्थन या भिन्न गोष्टी होत. ‘हे असेच चालत आले’ या उत्तरात दोन्हींची सरमिसळ होते, आणि तिचा भार बहुधा दुर्बळावर पडतो. ही सरमिसळ सोडविणे हे संशोधनाचे काम आहे. पण संशोधकही अखेर एक कथाच सांगत असतो. म्हणून पांडूला विचारावयाचा प्रश्न त्याने स्वतःलाही विचारला पाहिजे : ही कथा कुणाच्या सोयीची आहे, आणि ऐकणाऱ्या कुंतीला नकार देण्याची मोकळीक तीत उरली आहे काय?