घरात न आलेले चेहरे

१७९४ च्या चैत्रात बारामतीत कवी मोरोपंतांनी देह ठेवला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, तिकडे जपानात, एदो म्हणजे आजच्या टोकिओत, शाराकू नावाच्या चित्रकाराने काढलेली काबुकी नाटकांतल्या नटांची चित्रे विक्रीला आली. अभ्रकाची चमक दिलेली गडद पार्श्वभूमी आणि त्यावर नटाचा चेहरा, मान, हात, एवढेच. पहिल्या खेपेलाच अठ्ठावीस चित्रे. पुढच्या दहाएक महिन्यांत त्याची एकशेचाळीसहून अधिक चित्रे छापली गेली आणि मग तो नाहीसा झाला. तो नेमका कोण होता, यावर आजही वाद घातले जातात. बारामती आणि एदो यांचा त्या वर्षी एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरीही या दोन घटना शेजारी ठेवल्या की आपल्याकडचे एक कोरे पान डोळ्यांत भरते.

मोरोपंतांच्या काळात रंगभूमी आपल्याकडेही होती. ती डफ-तुणतुण्याची होती. सोलापूरचे राम जोशी फडावर लावण्या गात होते. पुढे त्यांनीच मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून गावोगाव नेल्या. संगमनेरचे अनंत फंदी होते, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर होते. यांचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले, कारण ते कुणीतरी पाठ केले, वहीत उतरवले. पण त्या लावण्या ज्यांनी पायांत चाळ बांधून उभ्या केल्या, त्या नाच्या पोरांचे काय? त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा आपण ओळखत नाही. मोरोपंत गेले त्याच वर्षी एदोच्या रंगमंचावर दुय्यम काम करणारा एखादा नट डोळे कसे वटारत असे, ओठ कसे मुडपत असे, हे मात्र आजही बघता येते.

एदोत हे एका दिवसात घडले नाही. शाराकूच्या आधी शंभर वर्षे, १६८७ साली, तोरी कियोमोतो नावाचा माणूस ओसाकाहून एदोत आला. तो स्त्रीभूमिका करणारा नट होता आणि नाटकगृहांचे फलकही रंगवत असे. त्याचा मुलगा कियोनोबू याने फलकावरची ठसठशीत रेषा लाकडी ठशावर आणली. नाटकगृहाच्या दारावर जे चित्र लांबून दिसावे म्हणून मोठे काढायचे, तेच आता हातात धरता येऊ लागले. कियोनोबू आणि त्याच घराण्यातला कियोमासू यांच्या चित्रांतले नट पाहिले की पहिल्यांदा पायच दिसतात. पोटऱ्या भोपळ्यासारख्या फुगलेल्या आणि रेषा गांडुळासारखी जाड-बारीक होत वळवळणारी. या उपमा जपान्यांनीच दिलेल्या आहेत. त्या काळी एदोत पहिल्या इचिकावा दान्जूरोचा दांडगाईचा अभिनय गाजत होता. तोंडावर लाल-काळे पट्टे, पाय फाकून उभे राहणे, पृथ्वी हादरेल अशी आरोळी. १७०४ साली त्याला रंगमंचावरच दुसऱ्या एका नटाने ठार मारले. त्याच्या अंगातला तो जोर तोरी घराण्याच्या रेषेत उतरला आहे. माझ्या मते नटाच्या अंगातली ताकद इतक्या थोड्या रेषांत पकडणारी चित्रे जगात फार नाहीत.

गंमत अशी, की या सुरुवातीच्या चित्रांत चेहरे जवळजवळ सारखेच आहेत. नट ओळखायचा तो कपड्यावरच्या घराण्याच्या चिन्हावरून. एकात एक ठेवलेली तीन चौकोनी मापे दिसली, की तो दान्जूरो. चेहऱ्याचे खरे साम्य पकडायला १७७० च्या आसपास शुन्शो आणि बुन्चो या चित्रकारांनी सुरुवात केली. आपल्या तमाशाच्या जुन्या जाहिरातींतही चेहऱ्याच्या आधी नाव असते आणि नावात गाव असते: नारायणगावकर, सातारकर, खेडकर, धवळपुरीकर. प्रेक्षक त्या गावाच्या नावावर विश्वास ठेवून तिकीट काढत आला.

एदोतल्या त्या चित्रांची घडण आपल्या माणसाला परकी वाटू नये. चित्रकाराने पातळ कागदावर चित्र काढायचे. तो कागद चेरीच्या लाकडावर उलटा चिकटवायचा आणि कोरक्याने रेषा सोडून बाकीचे लाकूड काढून टाकायचे. मूळ चित्र त्यातच संपायचे. मग शाई लावून, तुतीच्या सालीच्या कागदावर मागून घासून छाप घ्यायचा. चित्रकार, कोरक्या, छाप्या असे तिघे राबत आणि पैसा घालणारा प्रकाशक वेगळा. आधी फक्त काळी शाई असे, रंग नंतर हाताने भरत. पहिला रंग शेंदराचा. मग करडईच्या फुलांपासून काढलेला लाल. इंदापूरच्या जिरायतीत ज्वारीच्या कडेने काटेरी करडई उभी असते. तिच्याच जातीच्या फुलांनी एदोतले नट लाल झाले. पुढे काळ्यात सरस मिसळून त्याला चकाकी आणली, १७४० च्या दशकात लाल आणि हिरवा हे रंगही ठशांनीच छापले जाऊ लागले आणि १७६५ मध्ये अनेक ठशांची बहुरंगी चित्रे आली.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे चित्र कुठे जात होते ते. ते विकत घेतले जाई आणि घरी जाई. नवे नाटक लागले की नवे चित्र निघे, आणि सामान्य दुकानदार, कारागीर ते आपल्या आवडत्या नटासाठी घेत. हे नट समाजात मानाचे होते का? मुळीच नाही. त्यांना ‘नदीपात्रातले भिकारी’ म्हणून हिणवत. १६२९ मध्ये सरकारने स्त्रियांना रंगमंचावरून काढले, १६५२ मध्ये पोरसवद्या नटांना, आणि मग प्रौढ पुरुषच स्त्रीभूमिका करू लागले. १८४२ मध्ये तर नटांची चित्रे छापण्यावरच बंदी आली. तुच्छता वरून होती, कायद्याने होती. तरी लोकांनी त्या चेहऱ्यांना घराचे दार बंद केले नाही.

आपण ते बंद ठेवले. छपाई आपल्याला येत नव्हती असे नाही. १८०५ मध्ये मिरजेत तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली गेली. १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा हा छापखाना निघाला. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांतून देव आले, राजे आले. तुकोबांची पालखी ज्या वाटेने जाते त्या काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूरच्या घरांत विठ्ठलाची, लक्ष्मीची तसबीर आली, आणि ती यायलाच हवी होती. नटांपैकी घरात शिरले ते बालगंधर्व. स्त्रीवेशातले त्यांचे फोटो लोकांनी जपले, बायकांनी त्यांच्या नऊवारीची आणि दागिन्यांची नक्कल केली, आणि पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन भव्य चित्रे आहेत. पण त्या सगळ्या चित्रांत बालगंधर्व फक्त सुंदर आहेत. शाराकूने स्त्रीभूमिकेतल्या पुरुषाचा जबडा, त्याचे वय, त्याची थकलेली नजर रंगाखालून बाहेर काढली. तो फार खरे काढायला गेला म्हणून टिकला नाही, असे त्याच्या काळातल्याच एका लेखकाने नोंदवून ठेवले आहे. बालगंधर्वांना असा चित्रकार मिळायला हवा होता.

फलकाकडून कागदाकडे जाण्याची वाट आपल्याकडेही एकदा निघाली होती. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले आणि बाबूरावांनी तोच हात पुढे आपल्या सिनेमांच्या पोस्टरला लावला. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर आज टिकून आहे. ती वाट सिनेमाकडे गेली, तमाशाकडे वळली नाही.

तमाशाचा कागद भिंतीवर राहिला. चैत्र-वैशाखात बारामती-इंदापूरच्या गावांतून जत्रा भरतात, यात्रा कमिटी सुपारी देऊन फड ठरवते, आणि एसटी स्टँडची भिंत, पानटपरीची बाजू, साखर कारखान्याच्या रस्त्यावरचा पूल, जिथे जागा मिळेल तिथे पोस्टर लागते. वगाचे नाव, फडमालकाचे नाव, गण-गवळण, सोंगाड्या, नर्तिका. आठवड्याने त्यावर निवडणुकीचे, नाहीतर सिनेमाचे पोस्टर चढते. हा कागद कधी विकला गेला नाही, म्हणून तो कुणाच्या मालकीचा झाला नाही, आणि कुणाच्याच मालकीचा नसलेला कागद पहिल्या पावसात जातो. रात्रभर कनातीत बसून फेटा उडवणारा माणूस सकाळी त्या कलावंतिणीचे चित्र घरी नेऊ शकत नव्हता. तमाशा उभा केला तो महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी. त्यांचा आवाज आपण कनातीत बसून ऐकला. त्यांची तसबीर भिंतीवर लावायला जात आडवी आली. एदोच्या दुकानदाराला जे जमले ते आपल्याला जमले नाही, आणि त्याला कारण छापखान्याची कमतरता हे नव्हते, हे आपण मान्य केले पाहिजे.

आता फ्लेक्स आला आहे. चेहरे मोठे झाले, रंग भडक झाले, पण जत्रा संपली की तो फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर, पिकावर, ट्रॅक्टरवर जातो. त्यावर तारीख असते, साल बहुधा नसते.

म्हणून बारामती-इंदापूरच्या वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या वडिलांनी यात्रा कमिटीत काम केले असेल, तुमच्या आळीत जुना ट्रेडल मशीनचा छापखाना असेल, तर ट्रंका, माळे, छापखान्याचे खण एकदा उघडून बघा. तमाशाचे पोस्टर, हँडबिल, कलावंताचा फोटो, जस्ताचा ब्लॉक काहीही सापडले तर रद्दीत घालू नका. त्याला चिकटपट्टी लावू नका. मागे पेन्सिलीने गाव, जत्रा, साल लिहा, आणि फडमालकाच्याच नव्हे, तर ढोलकीवाल्याच्या, सोंगाड्याच्या, मागे उभ्या असलेल्या प्रत्येक बाईच्या नावासह ते जवळच्या वाचनालयात नेऊन द्या. ती नावे सांगू शकणारी माणसे अजून गावात आहेत. त्यांना या दिवाळीतच विचारा.