बंदूक खाली ठेवल्यावर

दोस्तांनो, सशस्त्र क्रांतिकारकांचा विषय निघाला की आपल्या पोरांत दोन तट पडतात. एक म्हणतो, ती त्यांची लढाई, आपला काय संबंध? दुसरा म्हणतो, हत्याराशिवाय कुणी ऐकत नाही, बाबासाहेबांचा रस्ता फार लांबचा. मी सूतगिरणीत रात्रपाळीला तुटले धागे जोडणारा माणूस. शाळा अर्ध्यात सुटली, वाचणं सुटलं नाही. मला दोघांचंही पटत नाही.

१८७९ साल घ्या. वासुदेव बळवंत फडके इंग्रजाविरुद्ध उठले. पुण्यातले शिकलेले बहुतेक घरात बसले. डोंगरात गेले ते रामोशी. दौलतराव नाईक लढताना पडला. त्या बंडामागं १८७६-७७ चा दुष्काळ होता. कर कमी करा, गरिबाला काम द्या, असं फडक्यांचा जाहीरनामा म्हणत होता. म्हंजे त्या बंदुकीत भाकरीचा सवाल भरलेला होता. १८९७ मध्ये त्याच पुण्यात चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. हिंमत तेवढीच, फासही गळ्यात पडला. पण दामोदर चापेकरांच्या आत्मवृत्तात सुधारकांवरचा राग लपत नाही. इंग्रज जावा, जुना धर्म होता तसा राहावा, ही ती ओढ.

तेव्हा हिंमत हे माप नव्हे, सांडलेलं रक्तही नव्हे. माप एकच: बंदूक खाली ठेवल्यावर सगळ्यात खालच्या माणसाचं काय होणार?

भगतसिंगानं हा सवाल टाळला नाही. १९२८ मध्ये 'किरती' मासिकात त्यानं अस्पृश्यतेवर लिहिलं. अस्पृश्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणाला. १९३१ च्या फेब्रुवारीत, फाशीच्या सावलीत, तरुण कार्यकर्त्यांना त्यानं सांगितलं की बॉम्बनं काम होत नाही, मजूर-शेतकऱ्यांत जा. त्याला फाशी झाल्यावर बाबासाहेबांनी 'जनता'त 'तीन बळी' हा अग्रलेख लिहिला. आता सांगा, आपला संबंध कसा नाही?

१८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार'वरचे नौसैनिक उठले. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, इथून सुरुवात. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या, कामगार रस्त्यावर आले. गोळीबारात मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली. काँग्रेस आणि लीग, दोघांच्याही पुढाऱ्यांनी खलाशांना शरण जायला सांगितलं. त्या मेलेल्यांतली किती नावं तुम्हाला पाठ आहेत? मलाही नाहीत. मरताना सगळे पुढं, वाटणीच्या वेळी आपण गावकुसाबाहेर.

आता दुसऱ्या तटाला विचारतो. आमच्या खात्यात जॉबरनं एका पोराला जातीवरून शिवी दिली. पोरं म्हणाली, गेटाबाहेर गाठून तुडवू. मी म्हणालो, तुडवा. उद्या दुसरा जॉबर येईल, शिवी तीच राहील. मग सगळ्यांनी सह्या करून तक्रार दिली. जॉबर सुधारला असं नाही. पण त्या पोराच्या मागं चाळीस माणसं आहेत, हे खात्याला कळलं.

२० मार्च १९२७ ला महाडात आपल्या माणसांवर हल्ला झाला. आपल्यांत पलटणीत नोकरी केलेले होते, हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. ते भ्याले म्हणून? डोकी फुटली असती आणि तळ्याचा हक्क बाजूला पडला असता. पुढं २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत ते म्हणाले की सनदशीर रस्ता बंद होता तेव्हा दुसऱ्या मार्गांना समर्थन होतं. रस्ता उघडल्यावर ते सोडले पाहिजेत. पण त्याच भाषणात त्यांनी बजावलं की विषमता मिटवली नाही, तर तिचे चटके खाणारे ही लोकशाहीच उडवून देतील. आपण पहिलं वाक्य पोलिसांच्या तोंडून ऐकतो. दुसरं सत्तेला ऐकवायचं काम आपलं आहे.

म्हणून हुतात्म्यांना नमस्कार जरूर करा, पण डोळे मिटून नको. प्रत्येकाला विचारा, तुझ्या राज्यात माझ्या आईला विहिरीवर पाणी भरता आलं असतं का?