रोहिणीचे पाणी आणि पाच माणसांचा निवाडा



सिद्धार्थ गौतमांनी घर सोडले ते म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून, असे कोणी सांगू लागला तर त्याला रोहिणी नदीची हकीकत विचारा. परमपूज्य बाबासाहेबांनी ती 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दिली आहे. शाक्य आणि कोलीय यांच्या राज्यांमधून रोहिणी वाहत असे. दोघांची शेती तिच्यावर. आधी पाणी कोणी घ्यावे, यावरून तंटे होत. सिद्धार्थ 28 वर्षांचे असताना दोन्हीकडच्या नोकरांत मारामारी झाली, माणसे जखमी झाली. शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ उभे राहिले. आपली दोन माणसे निवडू, कोलीयांनी त्यांची दोन निवडावीत, चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा, अशी सूचना त्यांनी मांडली. मते घेतली गेली, सूचना पडली. पुढचा गृहत्याग त्यातूनच घडला.

आता आपल्या काळाकडे या. 19 सप्टेंबर 1960 रोजी कराचीत भारत व पाकिस्तान यांनी सिंधू जलकरार केला. मध्यस्थ होती जागतिक बँक. रावी, बियास, सतलज भारताकडे. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे. तंटा मिटला नाही तर लवाद नेमावा, त्यात दोन पंच इकडचे, दोन तिकडचे आणि तीन त्रयस्थ. सिद्धार्थांच्या पाचांचे सात झाले, एवढेच!

किशनगंगेवरच्या वीजप्रकल्पाचा तंटा अशाच लवादापुढे गेला. 2013 साली निवाडा झाला: भारताने पाणी वळवावे, पण खालच्या पात्रात दर सेकंदास किमान 9 घनमीटर पाणी सोडावे. कोणालाच सगळे मिळाले नाही, आणि गोळीही सुटली नाही.

1965 व 1971 च्या युद्धांतही करार टिकला. मात्र पहलगामच्या हत्याकांडानंतर 23 एप्रिल 2025 रोजी भारताने तो स्थगित केल्याचे जाहीर केले. मारेकऱ्यांना शासन व्हावेच, त्यात दुमत नाही. पण चिनाबच्या पाण्यावर गहू पेरणारा त्या कटात होता काय?

संयुक्त राष्ट्रांनी 1997 साली नद्यांविषयी जो करारनामा मंजूर केला, तो 2014 पासून अमलात आहे. वाटा न्याय्य असावा, शेजाऱ्याची मोठी हानी करू नये आणि तंट्यात माणसाच्या जीवनावश्यक गरजेकडे विशेष लक्ष द्यावे, असे तो सांगतो. 1927 साली महाडला चवदार तळ्यावर गेलेल्यांच्या नातवंडांना हे शेवटचे कलम समजावून सांगावे लागत नाही. भारत मात्र त्या मतदानात तटस्थ राहिला.

रोहिणी आजही नेपाळातून येते, सीमा ओलांडते आणि गोरखपूरजवळ राप्तीला मिळते.