दैव हे पाचवे



१८ जानेवारी २०२५ रोजी पेडणे तालुक्यातील केरीच्या पठारावरून एका पॅराग्लायडरने उड्डाण केले. पुण्याहून आलेली एक तरुणी व तिला घेऊन उडणारा नेपाळी चालक, दोघेही अल्पावधीतच दरीत कोसळून मृत्यू पावले. अशी वार्ता ऐकताच मुखातून सहज उद्गार निघतो की, दैवात होते ते टळले नाही.

शोकाकुल मातापित्यांस हा उद्गार आधार देतो. तो त्यांच्यापासून कोणी हिरावून घेऊ नये. परंतु इतरांनी तोच उच्चारून स्वस्थ बसणे धर्मास धरून नाही. गीतेच्या १८ व्या अध्यायात भगवंत कर्मसिद्धीची पाच कारणे सांगतात : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. भगवंतांनी दैव नाकारलेले नाही. पण त्याची गणना पाचवी केली आहे. आधीची चार न पाहता पाचव्याकडे धावणे ही भक्ती नव्हे, तो आळस होय.

हाच विचार उड्डाणास लावून पाहू. अधिष्ठान म्हणजे जेथून झेप घ्यावयाची ते स्थान. कर्ता म्हणजे रीतसर शिकलेला चालक. करण म्हणजे साधन : पॅराग्लायडरला ताठ पंख नसतो, कापडाच्या कप्प्यांत वारा भरला म्हणजेच पंख आकार धरतो, आणि माणसांचा सारा भार दोऱ्यांवर तोलला जातो. चेष्टा म्हणजे प्रत्येक दोरी व पट्टा तपासण्याचा उद्योग. आरंभीचा क्षण फार नाजूक असतो. भूमी जवळ असल्याने चूक सावरण्यास उंचीही नसते व वेळही नसतो. म्हणून जे पाहावयाचे ते पाय जमिनीवर असतानाच पाहिले पाहिजे. वाऱ्याचा अवचित झोत तेवढा पाचव्याचा.

केरीच्या घटनेत परवाना नसताना उड्डाणे चालविल्याच्या आरोपावरून पोलिसांनी व्यवसायाच्या मालकावर गुन्हा नोंदविला. दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम. आपण एवढा बोध घ्यावा की, दुसऱ्याचा प्राण ही आपल्या हाती दिलेली ठेव आहे. मग आपण होडी चालवीत असू, मोटार चालवीत असू वा पंख.

पेडण्यातच मोपा येथे जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू आहे. डिचोली-पेडण्याच्या मुलांना आकाश खुणावणारच. त्यांना भय घालू नका. मात्र पाठविण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारा. स्थान योग्य आहे काय? चालक अधिकारी आहे काय? साधन निर्दोष आहे काय? तपासणी झाली काय? उत्तर न मिळाल्यास माघारी फिरण्यात कमीपणा नाही. आणि चारही उत्तरे मिळाल्यावर पाचव्यासाठी देवापुढे हात जोडा. ती प्रार्थना खरी.