रंगांचें ऋण

आमच्या घरीं जुन्या पेटींत आजोबांचा किरमिजी मुगटा अजून जपून ठेवलेला आहे. देवपूजेच्या वेळीं तो नेसावयाचा, आणि नेसल्यावर पूजा आटोपेपर्यंत कोणीं त्यांना शिवावयाचें नाहीं, असा त्या काळचा दंडक होता. कांहीं दिवसांपूर्वीं इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करणारी माझी पुतणी तो मुगटा हातांत घेऊन म्हणाली, "काका, ह्या रंगाला इंग्रजींत 'क्रिम्झन' म्हणतात ना?" मीं 'होय' म्हटलें आणि सहज कोश उघडला. तेथें जें आढळलें त्यानें मी थोडा वेळ विचारांत पडलों. 'क्रिम्झन' आणि 'किरमिजी' हे दोन शब्द नसून निरनिराळ्या वेषांतील एकच शब्द आहे. अरबी 'किर्मिझ' हें त्याचें मधलें घर, आणि त्याच्या मुळाशीं आपल्या ओळखीचा 'कृमि' आहे असें व्युत्पत्तिकार मानतात. ज्या वस्त्राला माणसाच्या स्पर्शाचा विटाळ होत असे, त्याच्या रंगाचें नांव किड्यावरून पडलेलें!

त्या दिवसापासून एक प्रश्न मनांत घोळत आहे. सौंदर्याचा उपभोग घेणाऱ्यानें, त्या सौंदर्यासाठीं जें चिरडलें गेलें त्याची आठवण ठेवावी काय? कीं विसरणें हाच भाषेचा आणि जीवनाचा धर्म आहे?

इंग्रजी भाषेंतील तांबड्या व जांभळ्या छटांचीं नांवें या दृष्टीनें पाहूं लागलें म्हणजे प्रथम मौज वाटते आणि मग मन हळूहळू अस्वस्थ होतें. 'रेड' हा त्यांतील जुना, घरचा शब्द. आपल्या 'रुधिर' शब्दाशीं त्याचें नातें आहे. इतर पुष्कळ शब्द पाहुणे आहेत. 'मरून' म्हणजे फ्रेंचांचें चेस्टनटचें फळ. 'प्यूस' म्हणजे त्यांच्याच भाषेंतील पिसू. चित्रकाराच्या पेटींतील 'क्रिम्झन लेक' या नांवांत जो 'लेक' आहे तो सरोवरवाचक नव्हे. ती आपली लाख, संस्कृतांतील लाक्षा. 'कार्माइन' हा 'क्रिम्झन'चा भाऊ. 'व्हर्मिलियन' ज्या लॅटिन शब्दापासून निघाला त्याचा अर्थ 'लहानसा किडा'. परंतु पुढें तें नांव हिंगुळाला चिकटलें, आणि हिंगूळ तर खनिज पदार्थ! 'स्कार्लेट' हें प्रथम रंगाचें नांवच नव्हतें. तें एका उंची लोकरी कापडाचें नांव होतें. त्यांतील सर्वांत महाग प्रकार किड्यांच्या रंगांत बुडविलेला असे. म्हणून कापडाचें नांव रंगाला मिळालें. आपल्या जुन्या कागदपत्रांत 'सकलाद' म्हणून ज्या कापडाचा उल्लेख येतो, त्याचा हा आप्त समजला जातो.

हे किडे कसे मिळत? भूमध्य समुद्राच्या कांठच्या प्रदेशांत एका जातीच्या ओक झाडांवर ते राहतात. पोटांत अंडीं असलेल्या माद्या खरवडून काढावयाच्या, वाळवावयाच्या आणि कुटून त्यांचा रंग करावयाचा. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोक मेक्सिकोंत पोंचले, तेव्हां तेथील निवडुंगावर याच जातकुळीचा, परंतु अधिक रंग देणारा 'कोचिनील' किडा त्यांना मिळाला. एक पौंड वाळलेल्या मालाला सुमारें ७०,००० किडे लागत. मेक्सिकोहून स्पेनला जाणाऱ्या मालांत किंमतीच्या दृष्टीनें रुप्याच्या खालोखाल याचाच क्रम लागे; आणि पुढें इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांचे झगझगीत तांबडे डगले याच किड्यांनीं रंगले.

'पर्पल'ची कथा याहून भव्य आणि म्हणूनच याहून विचार करावयास लावणारी आहे. ग्रीक 'पॉर्फिरा' हें समुद्रांतील एका गोगलगायीचें नांव. फिनिशियन लोकांच्या टायर नगरांत तिच्यापासून काढलेला रंग राजे आणि सम्राट यांच्या वस्त्रांना शोभवीत असे. स्ट्रेबो हा प्राचीन भूगोलकार सांगतो कीं, रंगाच्या कारखान्यांमुळें त्या नगरांत राहणें नकोसें होई. परंतु त्याच कारखान्यांनीं नगराला संपन्न केलें. इ. स. ३०१ सालीं रोमन सम्राट डायोक्लेशियन यानें वस्तूंच्या कमाल किंमती ठरविणारें जें फर्मान काढलें, त्यांत या रंगाच्या एक पौंड रेशमाला १,५०,००० दिनार अशी किंमत लिहिली आहे. इंग्लंडांत एलिझाबेथ राणीनें १५७४ सालीं जांभळें रेशीम राजघराण्यापुरतें राखून ठेवलें. हें वस्त्र कोणीं वापरावें याचा हिशेब असा बारकाईनें झाला; गोगलगायींचा हिशेब मात्र १९०९ सालापर्यंत कोणीं केला नव्हता. त्या वर्षीं फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञानें या रंगाची घटना शोधून काढली. त्याकरितां त्याला १२,००० गोगलगायी माराव्या लागल्या, आणि हातीं रंग आला तो १.४ ग्रॅम!

येथें कोणी म्हणेल, "हें सर्व खरें असेल, परंतु शब्दांनीं आपलें मूळ विसरावें हेंच योग्य आहे. प्रत्येक शब्दाच्या पोटांतील इतिहास आठवीत बसलों तर बोलणेंच बंद पडेल." या आक्षेपांत तथ्य आहे. 'क्रिम्झन' शब्द प्रथम ज्यांनीं वापरला त्यांनीं कांहींहि लपविलें नव्हतें. रंग किड्याचा, म्हणून नांव किड्याचें. याहून प्रांजळ व्यवहार तो कोणता? पुढें शेंकडों वर्षें हा शब्द देशोदेशीं फिरला, झिजला, आणि नदींतील गोट्याप्रमाणें त्याचे कंगोरे गेले. हें विस्मरण कोणीं केलेलें नाहीं; तें झालेलें आहे. त्याबद्दल कोणाला दोष द्यावयाचा?

परंतु विस्मरणाचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो एकोणिसाव्या शतकांत पाहावयास मिळतो. १८५६ सालीं लंडनमध्यें विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी डांबरांतून निघणाऱ्या द्रव्यांपासून क्विनीन बनविण्याच्या खटपटींत होता. क्विनीन तर साधलें नाहीं. पण एक सुंदर जांभळा रंग हातीं आला. त्याला 'मोव्ह' हें एका फुलझाडाचें फ्रेंच नांव मिळालें. डांबराच्या पोरानें फुलाचें नांव घेतलें, एवढ्यापुरती ती गंमतच होती. शिवाय या शोधानें पुढें किड्यांचा जीव पुष्कळ अंशीं वांचला, हेंहि मान्य केलें पाहिजे. तीन वर्षांनीं, १८५९ सालीं, फ्रान्समधील लियों शहरीं एक भडक जांभळट तांबडा रंग तयार झाला. त्याचेंहि पहिलें नांव फुलाच्याच नांवाशीं जुळणारें होतें. परंतु त्याच वर्षीं ४ जूनला इटलींतील मॅजेंटा गांवाजवळ फ्रेंच आणि सार्डिनियन सैन्यांनीं ऑस्ट्रियन सैन्याचा पराभव केला. त्या लढाईंत हजारों माणसें मेलीं व घायाळ झालीं. आणि विजयाच्या धुंदींत बाजारानें त्या नव्या रंगाला 'मॅजेंटा' म्हटलें. त्याच महिन्याच्या २४ तारखेला सोल्फेरिनो येथें याहूनहि भयंकर संग्राम झाला, आणि 'सोल्फेरिनो' हेंहि एका रंगाचें नांव झालें!

येथें शब्द झिजला नाहीं. तो निवडला गेला. प्रेतें अजून ताजीं असतांना त्या भूमीचें नांव रेशमी झग्यांना देण्यांत आलें, तेंहि शोक म्हणून नव्हे, माल खपावा म्हणून. माझ्या मतें नैतिक दृष्ट्या या दोन विस्मरणांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिलें काळाचें काम आहे; दुसरें माणसाचें. जेथें आपणांस ठाऊक असतें आणि तरीहि आपण दुःखावर शोभेचें नांव पांघरतों, तेथें दोष भाषेचा राहत नाहीं, आपला होतो.

आणि हा दोष अटळ होता असेंहि नाहीं. सोल्फेरिनोच्या लढाईच्या सुमारास हेन्री द्युनां नांवाचा एक स्विस गृहस्थ आपल्या व्यापारी कामासाठीं त्या बाजूला आला होता. जवळच्या गांवांत पडलेल्या हजारों जखमी सैनिकांची दैना पाहून तो तेथेंच राहिला आणि गांवकऱ्यांना गोळा करून, शत्रुमित्र असा भेद न करतां, त्यांची शुश्रूषा करूं लागला. १८६२ सालीं त्यानें जें पुस्तक लिहिलें त्याच्या नांवांतच 'सोल्फेरिनोची आठवण' आहे. त्यांतून १८६३ सालीं रेड क्रॉसची स्थापना झाली. एकच महिना, एकच भूमि, एकच रक्त. त्यांतून एकानें झग्याचा रंग घेतला आणि दुसऱ्यानें तांबड्या रंगाला जखमी माणसाच्या रक्षणाची खूण केली. हा फरक बुद्धीचा नव्हे; आठवण ठेवण्याचा आहे.

"सैनिकांचें ठीक, पण किड्यांचें काय? त्यांच्यासाठींहि सुतक पाळावयाचें कीं काय?" असा उपहास कोणी करील. किडा आणि मनुष्य समान आहेत असें मी म्हणत नाहीं. परंतु ज्याची किंमत आपल्याला मोजावी लागत नाहीं तें मोजावयाचेंच नाहीं, ही मनाची संवय एकदां जडली म्हणजे ती किड्यापाशीं थांबेल अशी हमी कोण देणार?

आपल्या पूर्वजांना हा पेंच ठाऊक होता. मनुस्मृतींतील पुष्कळ गोष्टी आज त्याज्य ठरल्या आहेत, आणि तें योग्यच झालें. परंतु तींत 'पंचसूना' म्हणून जो विचार आहे तो मला अजून मोलाचा वाटतो. चूल, जातें, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर हीं गृहस्थाच्या घरांतील पांच हिंसास्थानें आहेत असें तेथें म्हटलें आहे. चूल विझवा, असें स्मृतिकार सांगत नाहीं. कारण मग संसारच चालणार नाहीं. चूल निष्पाप आहे, असेंहि तो म्हणत नाहीं. तिच्याबद्दल रोज पंचमहायज्ञांनीं उतराई होत जा, एवढेंच तो सांगतो. जें ऋण पुरतें फेडतां येत नाहीं तें निदान नाकारूं नये, असा याचा अर्थ मी घेतों.

आधुनिक काळांतहि या तत्त्वाला अगदींच जागा नाहीं असें नाहीं. कोचिनीलचा रंग आजहि खाद्यपदार्थांत आणि ओंठांच्या रंगांत वापरला जातो. अमेरिकेंत २०११ सालापासून त्याचें नांव वेष्टनावर स्पष्ट छापण्याची सक्ती झाली. कारण मुख्यतः आरोग्याचें होतें. कांहीं लोकांना त्याची बाधा होते. परंतु परिणाम असा झाला कीं, घेणारा आतां जाणून घेतो आणि नाकारणारा जाणून नाकारतो. नीतीचा आरंभ येथूनच होतो.

पुतणीनें हें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग हा मुगटा टाकून द्यावयाचा का?" मीं म्हटलें, "नाहीं. ज्या रेशमासाठीं किड्यांचे कोश उकळत्या पाण्यांत टाकले गेले तें रेशीम फेंकून दिल्यानें एकहि किडा परत येणार नाहीं." मात्र ज्या सोंवळेपणासाठीं आजोबा जिवंत माणसाला दूर ठेवीत, त्या सोंवळेपणाचा अभिमान आतां मला धरतां येणार नाहीं. तिनें मुगट्याची घडी घातली आणि आम्हीं तो पेटींत परत ठेवला. रंग पूर्वीं होता तितकाच सुंदर आहे. फक्त यापुढें त्याचें नांव घेतांना तें कोणाकडून आलें एवढें आम्हांला आठवेल.