समंजस मुलगी

गेल्या वर्षी दहावीतल्या एका मुलीच्या प्रगतिपुस्तकावर मी शेरा लिहिला : ‘शांत, समंजस.’ दोन महिन्यांनी तिचे आईवडील भेटायला आले. मुलीची झोप उडाली होती, जेवण कमी झाले होते, आवडीचे गाणे सुटले होते. विचारले की ‘काही नाही’ एवढेच उत्तर. मैत्रिणीला मात्र ती हिंदीत सांगत होती, ‘मन नहीं लगता.’ आपल्या इंदूरच्या मराठी घरांत हे नवे नाही. घरची भाषा मान राखण्याची. मन मोकळे करायचे ते उंबऱ्याबाहेरच्या भाषेत.

आजीने तिला अहिल्याबाईंचा दाखला दिला होता. १७५४ साली पती गेले, १७६६ मध्ये सासरे, १७६७ मध्ये एकुलता एक मुलगा. तरी बाई खचल्या नाहीत. दाखला खरा आहे. पण सोसणे हा सद्गुण म्हणून न सोसवणे हा दोष ठरतो काय? अहिल्याबाईंचे दुःख साऱ्या माळव्याला दिसत होते. नैराश्याचे कारण पुष्कळदा त्या मुलीलाही सांगता येत नाही. तापाने फणफणलेल्या लेकीला आपण धैर्याच्या गोष्टी सांगत बसत नाही.

वयात आल्यावर हा आजार मुलांपेक्षा मुलींत सुमारे दुप्पट आढळतो. उदासी, चिडचिड, कशातच रस नसणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. ‘जगणं नकोसं वाटतं का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर तिला एकटी ठेवू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. २०२२ पासून सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते.

‘सर, उद्या स्थळांना कळलं तर?’ तिच्या आईने विचारले. मी म्हणालो, ‘ताई, आधी मुलगी, मग स्थळ.’ उत्तर सोपे होते. माझा स्वतःचा शेरा मात्र मनातून जाईना. मुलीने दुःख गिळले, त्याला आम्ही गुण समजलो आणि वर शाबासकीही दिली! अशा शाबासकीनंतर तिने तोंड तरी कसे उघडावे?

तिचे उपचार चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही नाही. यंदा ‘शांत’ हा शब्द लिहिण्यापूर्वी मी त्या त्या मुलीला बोलावून घेतो, खुर्ची देतो आणि तिच्या भाषेत बोलतो.