भिंतीला बोट

नीतिमत्तेच्या बाबतीत आपली मराठी भाषा पायांवर फार विसंबून आहे. मुलगा नोकरीला लागला की ‘पायावर उभा’ राहतो. शेजारच्या कुणाबद्दल काही कानावर आले की त्याचा ‘पाय घसरलेला’ असतो. रागावलेल्याचा तोल जातो, मोहात पडलेल्याचा ढळतो. आणि ज्याचे यातले काहीच होत नाही, जो खांबासारखा निश्चल राहतो, त्याला आपण स्थितप्रज्ञ म्हणतो आणि सोसायटीचा सेक्रेटरी करतो.

कॉमर्सच्या माणसाने शरीरशास्त्रात नाक खुपसू नये हे खरे. पण ‘बॅलन्स’ हा शब्द आमच्या बँकेचा, म्हणून थोडा हक्क सांगतो. निश्चल उभा राहणारा माणूस जगात नाही, अगदी सेक्रेटरीसुद्धा नाही. शरीराच्या वजनाचा मध्य बेंबीच्या आसपास, आणि खाली टेकायला दोन पावलांएवढी जागा. त्यामुळे आपण घोट्यातून सारखे किंचित पुढे कलतो आणि पोटऱ्या आपल्याला मागे ओढतात. म्हणजे उभे राहणे हे सतत थोडेथोडे पडणे, आणि वेळेवर सावरणे!

हे सावरायला आत तीन कारकून बसलेले असतात. एक डोळे. दुसरे तळपाय, सांधे नि स्नायू. तिसरा आतला कान. तिथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या मान वळल्याचे कळवतात, आणि शेजारच्या दोन पिशव्यांतले चुन्याच्या जातीचे बारीक खडे आपण किती कललो ते सांगतात. (चुना फक्त पानालाच लागतो असे नाही.) या कानाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट बारानींना 1914 सालचे नोबेल मिळाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. तोल सांभाळणे म्हणजे काय, हे त्यांना दोन्ही अर्थांनी कळले असावे.

तिघांचे आकडे मेंदू जुळवून घेतो. कशेडी घाटात एस.टी.त पेपर वाचू लागलात, तर डोळे म्हणतात ‘बसलोय’, कान म्हणतो ‘वळतोय’. मग टॅली लागत नाही, आणि फरकाची रक्कम खिडकीतून बाहेर टाकावी लागते.

वय झाले की तिन्ही कारकून एकदमच निवृत्तीला येतात. आमचे अण्णा 81 वर्षांचे आहेत, आणि आम्ही बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. डॉक्टरांनी दिलेली काठी दाराआड उभी असते, अगदी निश्चल. “म्हाताऱ्यांना लागते ती,” असे अण्णांचे मत. जिना उतरताना मी कोपर धरले की ते झटकतात. “सोड रे! माझ्या पायांवर आहे मी अजून.”

आता काय करावे? धरले तर त्यांचा मान पडतो, सोडले तर ते स्वतः पडण्याची भीती. या वयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस पुन्हा पूर्वीसारखा चालेलच असे नाही. सौ. म्हणते, मान नंतर उचलता येतो, आधी माणूस सांभाळा. मला पटते, पण ते कोपर सौ.चे नाही.

पण एक पाहिले आहे. अण्णा उतरताना डाव्या हाताचे एक बोट भिंतीवरून नेतात. भिंत धरत नाहीत, नुसती शिवतात. जेका आणि लॅकनर या संशोधकांनी 1994 साली दाखवले, की उभ्या माणसाने एक बोट कशाला तरी नुसते टेकवले, शंभर ग्रॅमचाही भार न देता, तरी त्याचे डुलणे कमी होते. एवढ्याशा दाबाने शरीर काही पेलले जात नाही. बोट फक्त बातमी देते, बाकीचे काम पायच करतात. तेव्हा अण्णा खोटे बोलत नाहीत. कोपर धरण्यात आणि बोट टेकू देण्यात जो फरक आहे, तो आम्हा मुलांना कॉलेजात कुणी शिकवला नाही.

हल्ली मी त्यांच्या एक पायरी खाली, पुढे चालतो. पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतो. अवघड वळणावर त्यांचे बोट माझ्या खांद्यावर येते. त्याचा उल्लेख दोघेही करत नाही.

भिंतीवर मात्र तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत एक काळपट रेघ उमटली आहे. दिवाळीपूर्वी जिना रंगवायचा ठराव झालाय, आणि ‘भिंतीस हात लावू नये’ अशी पाटी सेक्रेटरींनी तयारच ठेवली आहे. मी त्यांना लेखी विचारले आहे, की बोटाचे काय?